राबाचा तंटा

कोकणात आणि मावळात भाताचे रोप टाकण्याआधी शेतकरी राब भाजतो. रोपाच्या जागेवर शेण पसरायचे, त्यावर ऐन-किंजळाची वाळलेली टहाळी, मग गवत, आणि वर भुरभुर माती. उन्हाळ्यात वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवायचे आणि पहिल्या पावसात त्या राखेत बी टाकायचे.

या टहाळीवरून एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्यात मोठा तंटा झाला. १८७८ च्या कायद्यानंतर रानेच्या राने सरकारजमा होऊ लागली. वनखाते म्हणे, हे लोक छाटून छाटून झाडांचे खुंट करतात. शेतकरी म्हणे, राब नाही तर रोप नाही. अखेर १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. अहवाल १८८७ मध्ये आला.

पण शेतकऱ्याला बुंधा सोडून टहाळीच का हवी होती? उत्तर झाडाच्या आत आहे. झाडाचे बहुतेक वजन खोडात असते, पण नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण पानांत सर्वांत जास्त. त्याखालोखाल कोवळ्या डहाळ्या आणि साल. खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडात थोडा साठा असतो, आतल्या गाभ्यात फारच कमी. झाड मोठे हिशेबी. लाकडाचा गाभा होताना त्यातले कामाचे ते काढून घेते. पानगळीआधीही तेच. पानातले साधारण निम्मे नत्र आणि स्फुरद फांद्यांत, सालीत, मुळांत माघारी येते आणि पुढची पालवी या शिलकीच्या आधारावर फुटते. आम्ही कवी पानगळीला विरह म्हणतो. झाडाच्या लेखी ती वसुली असते! चुना मात्र माघारी वळत नाही. तो पानांत नि सालीत साचत राहतो. ऐनाच्या सालीत तर इतका, की तिची राख विड्याच्या पानाला चुना म्हणून लावीत.

तेव्हा गळलेला पाला आणि हिरवी टहाळी एक नव्हे. पाला हे जमिनीचे येणे, टहाळी ही झाडाची शिल्लक. राब जळताना त्यातले नत्र बहुतेक धुरावाटे जाते. पालाश, स्फुरद, चुना राखेत उरतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबावरचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राखेखेरीज, माती भाजली जाण्याचाही रोपाला फायदा होतो, असे त्यातून दिसले.

असाच तंटा जर्मनीतही होता. तिथले शेतकरी गोठ्यात अंथरायला रानातला पाला नेत आणि मग तो शेणासकट शेतात घालीत. एर्न्स्ट एबरमायर या शास्त्रज्ञाने बव्हेरियातील जंगलांत या पाल्याचे वजन आणि त्यातली राख मोजली, आणि १८७६ मध्ये ग्रंथ लिहिला. वर्षानुवर्षे पाला नेला तर रानाची जमीन निकस होते, हे त्याने आकड्यांनी दाखवले. १८८३ पर्यंत हिंदुस्थानच्या वनखात्याचे प्रमुख असलेले डीट्रिख ब्रांडिस हेही जर्मनच.

वनखात्याची भीती खोटी नव्हती, हे मान्य करावे लागते. पण हाच हिशेब खात्यालाही लावून पाहा. खाते विकत होते तो सागाचा गाभा, म्हणजे अन्नद्रव्यांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त माल. पण त्यासाठी झाड आडवे होई. शेतकरी महागडा भाग नेई, झाड मात्र उभे ठेवी. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तिसरीच गोष्ट नोंदवली आहे. डोंगरावरचा पाला, फुले, मेलेले किडे यांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात येते, ते बांध घालून अडवावे, असे त्यांनी सुचवले. रानाचे आणि शेताचे खाते त्यांना एकच दिसत होते.

सह्याद्रीतल्या काही गावांत अजून राब भाजतात. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत मात्र रोपाच्या वाफ्यात भाताच्याच तुसाची काळी राख मिसळतात. ऐनाच्या फांदीला त्यासाठी हात लावावा लागत नाही.