पाठमोरा प्रेक्षक

१९७० साली अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमन यांनी दोन उंच भिंतींचा एक बोळ उभारला. लांबी दहा मीटरांच्या आसपास, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. एका वेळी एकच माणूस आत शिरणार, तोही अंग चोरून. पार टोकाला एकावर एक ठेवलेले दोन टीव्ही संच. बाकी काहीही नाही. कलाकृतीचे नाव 'लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर'.

आत शिरणारा साहजिकच पडद्यांकडे चालू लागे. वरच्या पडद्यावर एक पाठमोरी आकृती दिसे. ती त्याचीच असे, कारण कॅमेरा त्याच्या मागे, प्रवेशापाशी उंचावर बसवलेला होता. स्वतःला नीट पाहावे म्हणून तो जितका पुढे सरके, तितका कॅमेऱ्यापासून दूर जाई आणि पडद्यावर लहान होत जाई. वळून चेहरा दाखवावा, तर पडदा पाठीशी! खालच्या पडद्यावर त्याच बोळाचे आधी टिपलेले चित्रण चाले: बोळ रिकामा. एका यंत्राच्या लेखी तो तिथे होता, दुसऱ्याच्या लेखी नव्हता.

वर्षभरापूर्वीची हवा वेगळी होती. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत फ्रँक जिलेट आणि आयरा श्नायडर यांनी 'वाइप सायकल' मांडले होते. नऊ पडद्यांवर टीव्हीच्या कार्यक्रमांमध्येच गॅलरीत आलेल्या लोकांची छबी उमटे. कधी थेट, कधी ८ वा १६ सेकंदांनी. एकतर्फी बोलणाऱ्या टीव्हीत सामान्य माणसाला जागा मिळाली, हा त्यामागचा उत्साह.

नाउमन यांना तो पटणारा नव्हता. प्रेक्षकांच्या सहभागावर आपला विश्वास नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले होते. म्हणूनच त्यांच्या रचना शक्य तितक्या बंदिस्त असत. त्यांचा पहिला बोळ तर मुळात स्वतःच्याच चालण्याचे चित्रण करण्यासाठी केलेले नेपथ्य होते. पुढे कलावंत बाहेर पडला आणि त्याच्या जागी प्रेक्षक आला. हालचाली मात्र आधीच ठरलेल्या. इथे सहभाग हे आमिषच म्हणायचे.

१९७४ मध्ये डॅन ग्रॅहम यांनी 'प्रेझेंट कंटिन्युअस पास्ट(स)' या कलाकृतीत आरशांची खोली केली. आरशात आत्ताचा क्षण, पडद्यावर ८ सेकंदांपूर्वीचा. समोरच्या आरशात पडदाही दिसतो आणि कॅमेरा तोही टिपतो. म्हणून पडद्यातल्या पडद्यात १६ सेकंदांपूर्वीचा, त्याच्याही आत २४. एकटे असल्याच्या समजुतीने कुणी केलेला एखादा चाळा ८ सेकंदांनी पडद्यावर उमटतो, तोवर आत आलेल्या परक्या माणसांच्या देखत.