कल्हईच्या गावात



लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. भाता, कोळसा, नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथिल. बघता बघता पितळेचं काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली तर कळकते, हे आजीनं आम्हाला पाठच करून दिलं होतं. त्या पातेल्यात काय शिजतं यावर तिचं बारीक लक्ष असे. पाणी गाळलेलं, डाळ दोनदा निवडलेली, जेवणं दिवस मावळायच्या आत. पण पातेल्याला चढणारं कथिल कुठून येतं, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही नाही. फुकेतच्या जुन्या गावात फिरेपर्यंत.

थायलंडचं हे बेट आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यांसाठी माहीत आहे. जुन्या गावात मात्र समुद्र दिसत नाही. तिथे एका मुख्य रस्त्याचं नाव आहे दीबुक. थाई भाषेत दीबुक म्हणजे कथिल! हे गाव उभं राहिलं तेच मुळी कथिलावर. आणि आपला ‘कल्हई’ शब्दही त्याच बाजूचा. तो आला अरबी ‘कलई’वरून, आणि ते नाव मलय द्वीपकल्पावरच्या ‘कलाह’ या जुन्या बंदरावरून पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचे व्यापारी कापड घेऊन या भागात जात आणि परतताना कथिल आणत. आजीच्या पातेल्यावरचं कथिल नेमकं कुठल्या खाणीतलं, हे कोण सांगणार? पण त्या रस्त्यावर उभी असताना ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

या कथिलावर डचांचा डोळा होता, फ्रेंचांचा होता, इंग्रजांचाही होता. १७८५ मध्ये ब्रह्मी सैन्यानं बेटावरच्या थालांगला वेढा घातला. सुभेदार नुकताच वारला होता. तेव्हा त्याची विधवा चान आणि तिची बहीण मूक यांनी लोकांना एकत्र करून गाव राखलं. बायकांना सैनिकांचा वेष देऊन त्यांनी शत्रूला चकवलं, असं तिथे सांगतात. या दोघींचा पुतळा बेटाच्या मुख्य रस्त्यावर आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुजियान प्रांतातून हजारो मजूर खाणींवर आले. काहींनी खाणी काढल्या, श्रीमंत झाले, स्थानिक मुलींशी लग्नं केली, आणि पेनांगच्या धर्तीवर घरं बांधली. थालांग, दीबुक, क्राबी या रस्त्यांवर ती आजही उभी आहेत. दर्शनी बाजू अरुंद, आत मात्र घर लांबच लांब. मधोमध उघडा चौक, त्यातून ऊन-पाऊस थेट घरात. वाड्यात वाढलेल्या कुणालाही ते आपलंसं वाटेल. घरांपुढची कमानींची पडवी एका घरातून दुसऱ्या घरापुढे जाते, म्हणजे पावसातही वाटसरूला कोरडं चालता यावं.

थालांग आणि दीबुक रस्त्यांना जोडणारी एक छोटी गल्ली आहे, सोई रोमानी. आपल्या ‘रमणीय’चंच हे थाई रूप. गुलाबी-पिवळ्या भिंती, कुंड्या, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. एके काळी इथे खाणमजुरांसाठी अफूचे अड्डे आणि कुंटणखाने होते, हे कळल्यावर माझा पाय अडखळला. तिथे राहिलेल्या बायकांचा कुठे पुतळा नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते एवढं एक गोड नाव.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८२५ च्या सुमारास खाणीच्या काथू गावी चीनहून एक नाटक मंडळी आली होती. तिथे तापाची साथ पसरली, मंडळीही आजारी पडली. आपले नेहमीचे व्रत चुकले म्हणून हे झालं, असं त्यांना वाटलं. त्यांनी शाकाहार धरला, पूजा केली आणि बरे झाले, अशी कथा आहे. तेव्हापासून चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, फुकेत व्रत पाळतं. पांढरे कपडे, ब्रह्मचर्य, दारू वर्ज्य, स्वयंपाकाची भांडी वेगळी. मांस, मासे, अंडी नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही! या अन्नाला ‘जे’ म्हणतात आणि दुकानावर पिवळं निशाण लावतात. मात्र बटाटा, गाजर, मुळा, अळकुड्या त्यांना चालतात, अळंबीही. म्हणून कंदमुळं नकोत हे आपण वेगळं सांगावं लागतं.

याच उत्सवात काही जण गालांतून सळया आरपार घालून मिरवणुकीत चालतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. असता तरी मला ते बघवलं नसतं. दहा धर्मांतलं उत्तम तप आपण ज्या शांतपणे करू पाहतो, त्याच्याशी ते जुळत नाही. पण दिवसभर चिखलात राबणाऱ्या, घरापासून दूर असलेल्या त्या मजुरांनी भीतीच्या घडीला जीव न मारण्याचा आधार शोधला, याचं मोल मला मोठं वाटतं.

१९८५ मध्ये जगभर कथिलाचे भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि बेट पर्यटनावर जगू लागलं.

घरी आल्यावर माळ्यावरून आजीचं पातेलं काढलं. कल्हई जागोजागी उडाली आहे. आपण ताटातला जीव जपतो, ते जपलंच पाहिजे. पण ताट ज्या हातांनी घडलं, ज्यांच्या कष्टानं चकाकलं, त्यांचा विचार अहिंसेत येतो की नाही? भांडी, साड्या, दागिने यांचं परिग्रह-परिमाण करताना मी आता किती आहे हे मोजते, आणि शक्य तिथे कुठून आलं हेही विचारते. दर वेळी उत्तर मिळत नाही. दुकानदार हसतो. तरी विचारते.