रजा, पगारी वार्षिक

कामगाराने वर्षभरात केलेल्या कामाच्या प्रमाणात त्यास वेतनासह मिळणारी सलग विश्रांती. साप्ताहिक सुटी, सणांच्या सुट्या व आजारपणाची रजा यांहून ती भिन्न होय. ही रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी नसून श्रमाने मिळविलेला हक्क आहे, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली.

भारतात १८८१ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारांच्या सुटीचा विचारच केला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या अधिनियमाने साप्ताहिक सुटी कायद्यात आली. तीत वेतनाची तरतूद मात्र नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांतील पुष्कळ कामगार कोकणातील व घाटावरील होते. शेतीची कामे, लग्नकार्ये व शिमग्यासारखे सण यांसाठी ते गावी जात. या काळातील वेतन बुडेच. शिवाय जागेवर बदली कामगार लागे आणि परतल्यावर काम मिळविण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. मालकवर्ग या गैरहजेरीस कामगारांचा बेशिस्तपणा म्हणे. वस्तुतः रजेची सोयच नसल्याने गावी जाणे म्हणजे नोकरी सोडणे असा अर्थ होत असे. व्हिटली आयोगाने (१९२९–३१) हे ओळखून, कामगारास ठराविक मुदतीची रजा व परत कामावर घेण्याची हमी द्यावी, अशी शिफारस केली.

फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांनंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने ५२ क्रमांकाच्या संकेताद्वारे वर्षाच्या अखंड नोकरीनंतर किमान सहा कामाचे दिवस रजा ठरविली. १९७० च्या संकेताने ती तीन आठवड्यांवर नेली.

भारतात हा हक्क १९४५ च्या दुरुस्तीने आला व १ जानेवारी १९४६ पासून अंमलात आला. त्यान्वये बारा महिन्यांच्या अखंड नोकरीनंतर प्रौढास १० व बालकामगारास १४ दिवस रजा मिळे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रजेचे कामाशी प्रमाण बांधले : प्रौढास दर वीस दिवसांमागे एक, तर बालकामगारास दर पंधरा दिवसांमागे एक. चार दिवसांच्या किंवा अधिक रजेचे वेतन आगाऊ देण्याची तरतूदही त्यात होती. गावी जाणाऱ्यास खर्चासाठी सावकाराकडे जावे लागू नये, या दृष्टीने ती लहानशी वाटणारी तरतूद मोलाची ठरते.

१९५४ च्या दुरुस्तीने अखंड नोकरीऐवजी कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम ही अट आली. ले-ऑफचे दिवस आणि बारा आठवड्यांपर्यंतची प्रसूतिरजा या हिशेबात धरली जाई. त्या दिवसांवर रजा मात्र साठत नसे. न वापरलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येई, आणि रीतसर मागूनही नाकारलेल्या रजेस ही मर्यादा नव्हती. स्थायी कामगारास ही व्यवस्था सोयीची होती. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहून काम मिळेल तेवढेच दिवस भरणाऱ्या बदली कामगाराला मात्र २४० दिवस गाठणे कठीण जाई. काम न मिळण्यात त्याचा दोष नसला, तरी रजा त्याचीच बुडे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, तिच्यामागे हेही एक कारण मानावे लागेल.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ही अट १८० दिवसांवर आणली. दर वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तसेच ठेवले.