आधी व्रण की आधी आकडी?

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे ताईकडे जमलो होतो. रात्रीची आरती झाली, पानं मांडायला घेतली, आणि आतल्या खोलीतून ताईची किंकाळी आली. दोन वर्षांच्या भाच्याला सकाळपासून ताप होताच. आता त्याचे डोळे वर गेले होते आणि हातपाय झटके देत होते. आजी ओरडली, "आकडी आलीय, कांदा आणा आधी!" कुणी कांदा फोडला, कुणी तोंडात चमचा घालायला धावलं. मी काय केलं? घड्याळ बघितलं. ८ वाजून १० मिनिटं. त्याशिवाय मला काही सुचलंच नाही.

हॉस्पिटलात पोचून, इंजेक्शन देऊन झटके थांबले तेव्हा ८ वाजून ४६ मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "किती वेळ चालली?" माझं घड्याळ बघणं उपयोगी पडलं म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी भाच्याला झोपवून मेंदूचा एमआरआय केला. डॉक्टर फिल्म बघून म्हणाले, "हिप्पोकॅम्पसला सूज नाहीये. चांगलं लक्षण आहे." भावजींनी विचारलं, "म्हणजे पुढे काही होणार नाही ना?" डॉक्टर हसले. "गॅरंटी नाही देता येत. पण व्रण राहण्याची शक्यता खूपच कमी."

घरच्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र किडा वळवळायला लागला. एका काळ्यापांढऱ्या चित्रात सूज दिसली नाही, यावरून पुढच्या वर्षांबद्दल हा माणूस इतक्या खात्रीनं कसा बोलतो? पुढचे बरेच शनिवार-रविवार त्यातच गेले, आणि शोधत शोधत मी पोचलो थेट १८२४ सालच्या पॅरिसमध्ये!

पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत तेव्हा फेफऱ्याचे शेकडो रुग्ण वर्षानुवर्षं ठेवलेले असत. एकामागून एक झटके येत राहतात, मध्ये शुद्धच येत नाही, अशा अवस्थेला ते रुग्ण आपापसात 'एता द माल' म्हणत. काल्मेय नावाच्या तरुण डॉक्टरनं १८२४ मध्ये आपल्या प्रबंधात हा शब्द उचलला. पुढे १८६८ मध्ये एका फ्रेंच व्याख्यानमालेच्या इंग्रजी भाषांतरात त्याचं 'स्टेटस एपिलेप्टिकस' झालं आणि तेच नाव रूढ झालं. म्हणजे आज जगभरचे डॉक्टर केसपेपरवर जो भारदस्त लॅटिन शब्द लिहितात, त्याचं मूळ पेशंटांच्याच बोलीत आहे. मला हे फार आवडलं.

काल्मेयनंतर एकच वर्षानं, १८२५ मध्ये, पॅरिसमधल्याच बुशे आणि काझोव्हिये या दोघांनी फेफऱ्यानं मेलेल्या रुग्णांचे मेंदू उघडून बघितले. काहींमध्ये हिप्पोकॅम्पस हा भाग बिघडलेला, कडक झालेला सापडला. हा भाग कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून नावही तेच. आठवणी साठवण्याचं बरंचसं काम त्याचं.

आता इथे खरा घोळ सुरू होतो. हिप्पोकॅम्पसमध्ये व्रण आहे म्हणून झटके आले, की झटके आले म्हणून व्रण पडला? १८८० मध्ये झोमर नावाच्या जर्मन डॉक्टरनं सांगितलं की व्रण हेच कारण. त्याच १८८० मध्ये फ्लेगर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं की छे, झटक्यांच्या वेळी रक्तपुरवठा आणि पोषण बिघडतं, त्यातून पेशी मरतात. साल एक, अवयव एक, निष्कर्ष बरोब्बर उलटे!

आणि दोघांचाही नाइलाज होता. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, सर्व्हर झोपल्यावर हातात फक्त कोअर डंप उरलाय आणि लॉग एकही नाही. शेवटची स्थिती दिसते, पण आधी काय बिघडलं आणि नंतर काय, ते कळत नाही. मेलेल्या माणसाचा मेंदू क्रम सांगत नाही.

हा पेच पुढची नव्वदेक वर्षं तसाच राहिला. मग १९७३ साल उजाडलं. लंडनमध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांना औषध देऊन दीर्घ झटके आणले. काही माकडांचे स्नायू औषधानं लुळे केले आणि श्वास यंत्रावर ठेवला. म्हणजे शरीराची धडपड नाही, ऑक्सिजनची कमतरता नाही. तरीही हिप्पोकॅम्पसच्या पेशी मेल्याच. थोडक्यात, मेंदूतल्या पेशींचं ते अखंड विजेसारखं कडकडणंच त्यांना जाळत होतं. फ्लेगरच्या बाजूनं पारडं झुकलं. पण माकडात झालं ते माणसाच्या पोरात होतं का? ते बघायचं कसं?

योगायोग बघा, त्याच १९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र वापरून पाण्यानं भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं चित्र काढलं. 'नेचर'नं हा लेख आधी नाकारला होता. २००३ मध्ये याच कामासाठी त्यांना पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं. एमआरआयचा जन्म तो हाच. क्ष-किरण नाहीत, कवटी उघडायची नाही. मुख्य म्हणजे त्याच मेंदूचं चित्र आज काढा, वर्षानं पुन्हा काढा. लॉग मिळाला की हो!

एमआरआय मुळात बघतो ते पाणी. सुजलेल्या भागात पाणी वाढतं आणि तो चित्रात पांढरा चमकतो. दुसरा एक प्रकार पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते दाखवतो. पेशी फुगल्या की त्यांचं फिरणं अडतं, आणि तिथेही उजळ डाग दिसतो. पक्षाघातातही असाच डाग दिसतो, पण तो एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीत असतो. झटक्यांमुळे आलेला डाग ती हद्द पाळत नाही. गंमत म्हणजे असे कितीतरी डाग नंतर विरून जातात. सूज म्हणजे व्रण नव्हे. म्हणूनच एका फोटोवर भागत नाही, दुसरा लागतो.

हेच काम अमेरिकेतल्या 'फेबस्टॅट' नावाच्या अभ्यासानं केलं. तापात अर्धा तास किंवा जास्त आकडी चाललेली लहान मुलं घेतली आणि ७२ तासांच्या आत एमआरआय केला. २०१२ मध्ये निकाल आला. १९१ मुलांपैकी २२ जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सूज दिसली किंवा तसा संशय आला. तापातली साधी, छोटी आकडी आलेल्या ९६ मुलांत मात्र एकातही नाही. वर्षानं पुन्हा एमआरआय, आणि तो निकाल २०१४ चा. सूज असलेल्यांपैकी १४ जणांचा दुसरा एमआरआय झाला, त्यातल्या १० जणांत व्रण तयार झाला होता. सूज नसलेल्या ११६ मुलांपैकी व्रण झाला फक्त एकात.

एकशे सोळात एक. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यामागे हा आकडा उभा होता तर!

मग झोमर हरला का? तसंही नाही. व्रण एकदा पडला की तोच पुढे अनेकांत झटक्यांचं उगमस्थान होतो, आणि शस्त्रक्रियेनं तो भाग काढल्यावर अनेकांचे झटके थांबतात. म्हणजे दोघंही बरोबर होते, प्रत्येकाला अर्धंच वर्तुळ दिसत होतं.

यातून माझ्यासारख्या सामान्य माणसानं घ्यायचं ते एवढंच: वेळ. एमआरआय ही नंतरची गोष्ट. आधी झटके थांबायला हवेत. २०१५ मध्ये जागतिक संघटनेनं केलेल्या व्याख्येत मोठ्या झटक्यांसाठी दोन आकडे आहेत. पाच मिनिटं उलटली की उपचार सुरू करा, कारण आता ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी. तीस मिनिटं उलटली की कायमच्या इजेचा धोका. आमची छत्तीस झाली होती. नशीब, दुसरं काय. तेव्हा मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा आणि पाच मिनिटांची वाट न बघता गाडी काढायला सांगा. कांदा पोह्यांत घाला :-)

भाचा आता मस्त आहे. या गणपतीत मोदकातलं सारण तेवढं खाऊन पारी आजीच्या ताटात ठेवत होता. आजी अजूनही म्हणते, कांद्यानंच उतरली. मी वाद घालत नाही. पण ताईच्या फ्रिजवर त्या हॉस्पिटलचा नंबर चिकटवलाय, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: ५ मिनिटं.