सुरतेचा जोडा



अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्या सुरू झाल्या की इथे रास अल खैमात आमच्या गप्पांत एक प्रश्न हटकून निघतो: हे ‘सुपरडेलिगेट’ कोण? डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार, गव्हर्नर आणि पदाधिकारी यांना राज्यांतल्या मतदानाच्या कौलाचे बंधन नसते. ते मनाजोगत्या उमेदवाराला मत देतात. १९८४ पासून ही सोय आहे. पुढाऱ्यांचे वजन फार झाले अशी ओरड झाल्यावर २०१८ साली नियम बदलला. आता चुरस असेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

हे भांडण आपल्या घरचेही आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेव्हा अध्यक्ष स्वागत समिती निवडत असे. जमलेल्या प्रतिनिधींनी फक्त मान डोलवायची. नागपुरात जहालांना लोकमान्य टिळक हवे होते, मवाळांना नको होते. तंटा मिटेना, म्हणून अधिवेशन सुरतेला नेले. तिथे डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव आधीच पक्के झाले. जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव सुचवले, पण खुद्द लालाजींनीच माघार घेतली.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी घोषांच्या नावाला अनुमोदन देऊ लागताच गोंधळ झाला व सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक उपसूचना मांडण्यास व्यासपीठावर गेले. परवानगी मिळेना, ते हाताची घडी घालून उभे राहिले. तोच प्रेक्षकांतून एक जोडा आला आणि सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता यांना लागला. पुढे खुर्च्या, काठ्या आणि शेवटी पोलीस!

दोष एकाच बाजूचा नव्हता. तेव्हा कोणत्याही जाहीर सभेने निवडले की माणूस प्रतिनिधी होई. त्यामुळे दोन्ही पक्षांनी आपापली माणसे जमवली होती. १९०८ साली मवाळांनी घटना करून दारे आवळली. टिळक काँग्रेसमध्ये परतले ते थेट १९१६ च्या लखनौ अधिवेशनात. एका खुर्चीपायी नऊ वर्षे गेली.

आम्ही रसायनशास्त्राची माणसे. पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी नव्हे, हे पहिल्या वर्षी शिकतो. जिन्नस तेच, क्रम चुकला की अंगावर उडते. सुरतेला प्रतिनिधी मोकळे होते, पण त्यांना विचारले ते सगळे ठरल्यावर.

आपल्या मंडळातही अध्यक्षांचे नाव चार जण चहावर ठरवतात आणि सभेत टाळ्या होतात. त्या चारांत आम्हीही असतो, हे कबूल करतो. यंदा नावे सभेपूर्वी कळवा. टाळ्या मग मनापासून वाजतील, आणि जोडे दाराबाहेर राहतील.