छत्री तीच, स्मारक वेगळे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या आवारात १९१३ पासून एका सैनिकाचा पुतळा उभा होता. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या बाजूने लढलेल्या विद्यार्थ्यांचे ते स्मारक. अनावरणप्रसंगी एका वक्त्याने, आपण एका कृष्णवर्णीय स्त्रीला चाबकाने फोडून काढल्याचे अभिमानाने सांगितले होते. २०१८ मध्ये निदर्शकांनी पुतळा पाडला. २०१९ मध्ये चौथराही हलविण्यात आला. असे स्मारक मृतांसाठी असते की जिवंतांना धाक घालण्यासाठी, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

हा प्रश्न आम्हांला परका नाही. निजाम उस्मान अली यांच्यावरून पडलेले आमच्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये जाऊन धाराशिव हे नाव अधिकृत झाले. परंतु ख्रिस्ती मनाला अधिक झोंबणारे उदाहरण गोव्याचे आहे.

पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा जिंकले आणि शहरातील मुसलमानांची कत्तल करविली. तो दिवस संत कॅथरिनच्या सणाचा होता. म्हणून जुन्या गोव्याचे कॅथेड्रल तिला समर्पित झाले. एका हुतात्मा कुमारिकेचे पवित्र नाव असे तलवारीच्या विजयाशी जोडले गेले. पुढे पणजीत, जुन्या गोव्यातील पडक्या वास्तूंचे खांब आणून १८४७ मध्ये आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी छत्री उभारण्यात आली.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पुतळा तेथून हलला आणि जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला. छत्री मात्र आझाद मैदानात राहिली. तेथे आता त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे, १९४६ मध्ये अटक होऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात गेलेले कुन्हा १९५८ मध्ये मुंबईत निवर्तले; १९८६ मध्ये त्यांच्या अस्थी गोव्यात आणण्यात आल्या.

कुन्हांचा जन्म ख्रिस्ती कुटुंबातलाच. म्हणून आल्बुकेर्कवरील टीका हा आपल्या श्रद्धेवरील आघात मानण्याचे कारण नाही, आणि आम्हांला परकीयांचे वारस ठरविणाऱ्यांनाही त्या छत्रीखाली उत्तर मिळते. पुतळा हलल्याने इतिहास पुसला जात नाही. संग्रहालयात त्याचा अभ्यास होतो. चौकात ज्याला उच्चासन देतो, त्याचा मात्र आपण सन्मान करीत असतो.

संत कॅथरिनच्या सणाला मिस्सा अर्पण करताना १५१० मध्ये मारल्या गेलेल्यांसाठीही प्रार्थना व्हावी. एवढे ऋण आमच्यावर आहे.