टर्नअवे अभ्यास
गर्भपात नाकारल्याचे स्त्री व कुटुंबावर होणारे परिणाम तपासणारे अमेरिकेतील संशोधन. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डायना ग्रीन फॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १,००० स्त्रियांच्या पाच वर्षे, दर सहा महिन्यांनी दूरध्वनीवरून मुलाखती घेतल्या गेल्या. दवाखान्याने गर्भपातासाठी ठरवलेल्या गर्भकाळाच्या मुदतीच्या थोडी आधी पोहोचलेलीला गर्भपात मिळाला; थोडा उशीर झालेली दवाखान्याच्या दारातून परतली. मुख्य तुलना या दोघींची. नकारानंतरच्या आठवड्यात चिंता अधिक आणि आत्मसन्मान कमी आढळला. पुढे हा फरक ओसरत गेला. घरची ओढाताण मात्र टिकली : अन्न, घरभाडे, प्रवासाला पैसे पुरेनात, हिंसक जोडीदाराशी संबंध सुटेना. निम्म्याहून अधिक स्त्रिया आधीच आई होत्या, हे वादात सहसा विसरले जाते. नकार मिळालेल्यांच्या थोरल्या मुलांनाही गरिबीची झळ बसली.